सार्वत्रिक नियतकालिक आढावा

संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशाच्या मानवी हक्कविषयक कामगिरीची अन्य सदस्य देशांनी ठरावीक वर्षांनी केलेली तपासणी. इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेले ‘यूपीआर’ हे नाव अधिक रूढ आहे. मराठीत ‘पुनरावलोकन’ असाही पर्याय आढळतो. प्रस्तुत नोंदीत ‘आढावा’ हा शब्द ठेवला आहे. मात्र नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयात पालकमंत्री घेतात ती आढावा बैठक वेगळी. तेथे वरिष्ठ कनिष्ठांना जाब विचारतात; येथे विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच पायरीवर असतात, आणि आज विचारणाऱ्याची पाळी पुढे येतेच.

उगम : आमसभेने १५ मार्च २००६ रोजी ठराव ६०/२५१ संमत करून (१७० विरुद्ध ४ मते, ३ तटस्थ) मानवी हक्क आयोगाच्या जागी ४७ सदस्यांची मानवी हक्क परिषद स्थापन केली. आढाव्याची तरतूद याच ठरावात आहे. कार्यपद्धती परिषदेच्या १८ जून २००७ च्या ठराव ५/१ ने ठरली. एवढे निर्विवाद. मूळ कल्पना कोणाची, याविषयी मात्र मतभेद आहेत. महासचिव कोफी अन्नान यांनी एप्रिल २००५ मध्ये जिनीव्हा येथे आयोगापुढे बोलताना समकक्षांकडून होणाऱ्या परीक्षणाचा पुरस्कार केला, म्हणून श्रेय बहुधा त्यांना दिले जाते. परिषदेचा आराखडा त्याआधीच स्विस शासनासाठी कायदेतज्ज्ञ वॉल्टर केलिन यांनी मांडला होता, याकडे काहीजण लक्ष वेधतात. आर्थिक क्षेत्रातील पूर्वोदाहरणे पाहणारे अभ्यासक विकसित देशांच्या ‘ओईसीडी’ संघटनेतील परस्पर परीक्षण, जकात व व्यापारविषयक ‘गॅट’ करारांतर्गत १९८९ पासूनचा व्यापारधोरण आढावा आणि २००३ मध्ये सुरू झालेली आफ्रिकी देशांची परस्पर परीक्षणाची यंत्रणा यांचा दाखला देतात.

याहून जुना धागा १९५६ चा आहे. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने सर्व सदस्यांकडून दर तीन वर्षांनी मानवी हक्कविषयक अहवाल मागवण्यास आरंभ केला. अहवाल येत, पण समोरासमोर प्रश्न विचारणारे कोणी नसे. १९८० च्या सुमारास ही पद्धत बंद पडली. नोंदकर्त्यास हा धागा अधिक बोलका वाटतो, कारण २००६ मध्ये भर पडली ती मुख्यतः प्रश्नोत्तरांची.

‘सार्वत्रिक’ या विशेषणालाही पूर्वेतिहास आहे. संयुक्त राष्ट्रांपूर्वीच्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) काळातील अल्पसंख्याक संरक्षणाचे करार पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, ग्रीस अशा निवडक देशांनाच बंधनकारक होते. ब्रिटनसारख्या बड्या सत्ता त्यांतून मोकळ्या राहिल्या. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा सदस्य होता. तरीही मंदिरप्रवेश नाकारलेल्यांचे गाऱ्हाणे ऐकण्याची सोय त्या करारांत नव्हती.

कार्यपद्धती : तीन दस्तऐवज आधार असतात : देशाचा स्वतःचा अहवाल (पूर्वीच्या मर्यादेनुसार २० पाने), संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांतील माहितीचे संकलन (१० पाने) आणि स्वयंसेवी संस्था, देशोदेशींचे राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आदींच्या निवेदनांचा सारांश (१० पाने). चिठ्ठ्या टाकून निवडलेले तीन देश, ज्यांना ‘त्रोयका’ म्हणतात, कामकाजाचे वृत्त तयार करण्यास मदत करतात. जिनीव्हातील बैठक साडेतीन तासांची असते. त्यांपैकी ७० मिनिटे संबंधित देशाला आणि १४० मिनिटे बाकी सर्वांना मिळतात. शंभरावर देश बोलायला उभे राहिले की प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभर येते. शिफारशी ‘स्वीकृत’ किंवा ‘नोंद घेतली’ अशा दोनच खणांत जातात. ‘नोंद घेतली’ म्हणजे सौम्य नकार, हे जाणकारांना सांगावे लागत नाही. दोन आढाव्यांमधला मध्यावधी अहवाल ऐच्छिक आहे. जानेवारी २०१३ मध्ये इस्राएल स्वतःच्या आढावा बैठकीस गैरहजर राहिला. त्याचा आढावा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाला.

भारत : भारताचा आढावा पहिल्याच सत्रात, १० एप्रिल २००८ रोजी झाला; शिफारशी होत्या १८. पुढे २०१२ मध्ये १६९, २०१७ मध्ये २५० आणि २०२२ मध्ये ३३९ शिफारशी आल्या. त्यांपैकी अनुक्रमे ६७, १५२ आणि २२१ स्वीकारल्या गेल्या. छळविरोधी करार संमत करावा, ही शिफारस पुनःपुन्हा येते. भारताने त्यावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली आहे, पण अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक मानणारी अंतिम मान्यता, झालेले नाही. छळ प्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत संमत झाले आणि पुढे बारगळले. राज्यातील फौजदारांना प्रशिक्षण देणारी महाराष्ट्र पोलीस अकादमी नाशिकलाच आहे, म्हणून हा मुद्दा नाशिकला दूरचा नाही.

नाशिक जिल्हा : इतक्या मोठ्या देशाच्या वीसेक पानी अहवालात सुरगाणा किंवा पेठ तालुक्याचा प्रश्न फारतर एखाद्या सर्वसाधारण वाक्यात मावतो. आदिवासींना कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा. त्याखालील दावे निकाली निघावेत, ही ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून पायी निघालेल्या शेतकरी मोर्चाची एक प्रमुख मागणी होती. मोर्चेकऱ्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते. मोर्चा १२ मार्चला मुंबईत पोहोचला तेव्हा राज्य शासनाने दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे लेखी आश्वासन दिले. जिनीव्हात स्वीकारलेल्या शिफारशीला पुढील आढाव्यापर्यंत सुमारे साडेचार वर्षे मिळतात.