तापवलेला नीलम आणि प्रमाणपत्रातला शेरा

नीलम किंवा माणकाच्या प्रमाणपत्रावर ‘फक्त तापवलेला’ असा शेरा असेल तर भाव टिकतो. ‘बाहेरचे मूलद्रव्य मुरवलेले’ असे लिहिले की गडगडतो. हा भेद एवढा काटेकोर झाला तो 2002 च्या गोंधळामुळे.

खडे तापवणे मात्र जुनेच. माणकाची काळसर झाक आगीने घालवण्याची कृती अकराव्या शतकातल्या अरबी ग्रंथातही आहे. खरी उलथापालथ झाली ती 1970 च्या दशकात. श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाचा दुधट, मळकट खडा निघे आणि त्याला कोणी हिंग लावून विचारत नसे. थायलंडच्या भट्टीवाल्यांनी तो 1,600 अंश सेल्सिअसच्या वर नेला. आतल्या रुटाइल या टायटॅनियमयुक्त खनिजाच्या बारीक सुया विरघळल्या, त्यांतले टायटॅनियम लोहाच्या जोडीला आले आणि खडा निळा झाला. रंग कायमचा, शिवाय तो खड्याच्या स्वतःच्या घटकांतून आलेला. म्हणून व्यापाराने हे पचवले. ग्राहकाला सांगायचे की नाही, यावर बरीच वर्षे सोयीस्कर मौन होते.

2001 च्या अखेरीस थायलंडहून ‘पॅडपरॅडशा’ नीलम, म्हणजे निळ्याऐवजी केशरी-गुलाबी रंगाचे नीलम, ढिगाने येऊ लागले. एरवी हा रंग दुर्मीळ. प्रयोगशाळांनी त्यांतल्या कित्येकांना ‘तापवलेले’ एवढीच नोंद देऊन मोकळे केले. मग द्रवात बुडवून पाहिल्यावर काही खड्यांत केशरी कड दिसली, ती नेमकी पैलूंच्या बाह्यरेषेला धरून. जमिनीत तयार झालेल्या रंगाला पैलू कुठे पडणार हे कसे कळावे? रंग बाहेरून आत शिरला होता. भट्टीवाले म्हणाले, आम्ही नुसते तापवतो. पुढे कळले की मुशीत क्रिसोबेरिल या बेरिलियमयुक्त खनिजाचे तुकडे असत आणि त्यांतले बेरिलियम नीलमात मुरत असे. तुकडे चुकून पडल्याचा खुलासाही झाला; इतक्या मालात चूक एकसारखी कशी होते, हे कोणी सांगितले नाही. बेरिलियम इतके हलके की नेहमीच्या क्ष-किरण चाचणीत दिसत नाही, आणि रंग बदलायला दहा लाखांत काही भाग पुरतात. ते पकडायला लेझरने सूक्ष्म खड्डा पाडणारे महागडे यंत्र लागते. स्वस्त खड्यांसाठी तेवढा खर्च कोण करणार?

प्रयोगशाळांनी अखेर याला वेगळा वर्ग दिला. व्यापाऱ्यांच्या एका गटाला तो अन्याय वाटला. त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, कारण हाही रंग टिकतो. पण खरेदीदार दुर्मिळतेचे पैसे मोजत होता.

2004 पासून शिसेयुक्त काच भरलेली माणके आली, तेव्हा हे वर्गीकरण उपयोगी पडले. भेगांत काच शिरली की गढूळ खडा पारदर्शक दिसतो. हलवून पाहिले तर आत निळसर चमक उठते आणि बुडबुडे दिसतात. काही प्रयोगशाळा अशा खड्याला नुसते माणिक म्हणतच नाहीत. तापवलेला नीलम सोनाराच्या साफसफाईत सहसा टिकतो, पण ही काच लिंबाच्या रसानेही खराब होते आणि अंगठी दुरुस्त करताना ज्योत लागली तर वितळते.