व्यावसायिक वेब ॲप्लिकेशनसाठी यूआय फ्रेमवर्क: निवडीमागचा इतिहास

विमा कंपनीची दावे नोंदवण्याची प्रणाली, कारखान्यातील साठ्याची नोंद किंवा बँकेतील कर्जमंजुरीची स्क्रीन एकदा तयार झाली की ती सहज दहा-पंधरा वर्षे वापरात राहते. ज्या यूआय फ्रेमवर्कवर, म्हणजे स्क्रीन बनवण्याच्या तयार कोडच्या सांगाड्यावर, ती उभी असते, त्याचे आयुष्य मात्र बहुतेक वेळा त्याहून कमी निघते. फ्रेमवर्क निवडताना होणारी चर्चा वेग, लोकप्रियता आणि शिकायला लागणारा वेळ यांभोवती फिरते. मागच्या काही दशकांचा क्रम तपासला, तर मोठा फटका बसला तो निराळ्याच प्रश्नांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे असे दिसते. फ्रेमवर्कची मालकी कोणाकडे आहे, त्याचा परवाना कोण बदलू शकतो आणि ते सोडावे लागले तर आपल्या कोडपैकी किती हाती उरते, हे ते प्रश्न होत.

या कहाणीची सुरुवात ब्राउझरच्या बरीच आधी होते. आयबीएमने १९७१ मध्ये ३२७० मालिकेची टर्मिनले बाजारात आणली, आणि त्यांच्या सर्वाधिक रुळलेल्या मॉडेलवर २४ ओळी व प्रत्येक ओळीत ८० अक्षरे मावत. कारकून रकाने भरी, एक कळ दाबी आणि भरलेला सगळा मजकूर एकदम मेनफ्रेम या मध्यवर्ती मोठ्या संगणकाकडे जाई. उत्तरादाखल पुढची स्क्रीन येई. दोन दशकांनी व्हिज्युअल बेसिक आणि पॉवरबिल्डर ही डेस्कटॉप प्रोग्राम बनवण्याची साधने आली, १९९५ मध्ये तसेच डेल्फी आले, आणि कार्यालयीन सॉफ्टवेअरला त्याचा खरा नायक मिळाला तो म्हणजे ग्रिड, म्हणजे ओळी-स्तंभांचा तक्ता. पॉवरबिल्डरच्या डेटाविंडोमध्ये डेटाबेसमधील तक्ता थेट स्क्रीनवर येई, तिथेच दुरुस्त होई आणि तिथूनच जतन होई. एवढी सोय मिळाल्यावर वापरणाऱ्यांना त्याहून कमी काही चालेनासे झाले. अडचण एकच होती: प्रत्येक बदलानंतर नवी आवृत्ती प्रत्येक संगणकावर बसवावी लागे, आणि शंभर शाखा असलेल्या संस्थेला ते काम नकोसे होई.

कंपन्या वेबकडे वळल्या त्या मुख्यतः या कटकटीतून सुटण्यासाठी; दिसण्याचा भाग त्यात दुय्यम होता. प्रत्यक्षात हाती आले ते फारच तुटपुंजे होते. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये मजकुराची चौकट, चेकबॉक्स, रेडिओ बटण, निवडयादी आणि फॉर्म पाठवण्याचे बटण एवढाच संच होता. फॉर्म भरायचा, पाठवायचा आणि नवे पान येईपर्यंत थांबायचे ही रीत १९७१ च्या टर्मिनलवर बसलेल्या कारकुनाला अगदी ओळखीची वाटली असती. स्तंभाच्या शीर्षकावर टिचकी मारून क्रम बदलणारा, जागच्या जागी दुरुस्त करता येणारा तक्ता त्या संचात नव्हता आणि आजही एचटीएमएलमध्ये तसा घटक नाही. साधी तारीख निवडण्याची चौकट एचटीएमएल ५ मधून आली. ते २०१४ मध्ये अधिकृत शिफारस म्हणून मान्य झाले, तरी डेस्कटॉपवरील सफारीत ती सोय येण्यास २०२१ उजाडले. एचटीएमएलने रिकामी सोडलेली ही जागा भरण्याचा उद्योग म्हणजेच व्यावसायिक यूआय फ्रेमवर्कचा उद्योग आहे.

ही जागा भरण्याचे पहिले प्रयत्न सर्व्हरच्या बाजूने झाले. २००० च्या सुमारास जावा भाषेच्या जगात स्ट्रट्स हे फ्रेमवर्क आले, २००४ मध्ये जेएसएफ आले, आणि मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स आणून व्हिज्युअल बेसिकच्या प्रोग्रामरला वेबवरही जुन्याच पद्धतीने बटणे ओढून ठेवण्याची मुभा दिली. पानाची सगळी स्थिती त्यात व्ह्यूस्टेट नावाच्या लपलेल्या फील्डमधून पुढेमागे फिरत असे, आणि मोठा ग्रिड असलेल्या पानावर ते फील्डच उरलेल्या पानाहून जड होई. आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टनेच एक्सएमएलएचटीटीपी हा, सगळे पान नव्याने न आणता सर्व्हरकडून माहिती मागवणारा, घटक बनवला होता आणि तो १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आला होता. त्याचे महत्त्व सगळ्यांच्या ध्यानात यायला २००४ चे जीमेल आणि २००५ चे गुगल मॅप्स यावे लागले. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्राला एजॅक्स हे नाव दिले.

यानंतरचा एक्स्ट जेएसचा प्रवास मला साऱ्या इतिहासात सर्वांत बोधक वाटतो. २००६ मध्ये जॅक स्लोकम यांनी याहूच्या वायूआय लायब्ररीला जोड म्हणून काही घटक लिहिले, आणि त्यांचेच पुढे २००७ मध्ये एक्स्ट जेएस १.० झाले. त्यात ग्रिड होता, झाडासारखी उलगडणारी यादी होती, खिडक्या होत्या आणि स्क्रीनचे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम व मध्य असे भाग पाडणारी मांडणी होती. डेल्फीची सवय असलेल्या ग्राहकाला ब्राउझरमध्ये पहिल्यांदाच आपले जुने घर दिसले. एप्रिल २००८ मध्ये २.१ आवृत्तीबरोबर परवाना बदलला आणि एलजीपीएल या सैल खुल्या परवान्याच्या जागी जीपीएल ३ हा कडक परवाना आला. त्यामुळे आपला कोड खुला करायचा नसलेल्या कंपन्यांना व्यापारी परवाना विकत घेणे किंवा जुन्या आवृत्तीवर थांबणे असे दोनच मार्ग उरले. २०१० मध्ये कंपनीचे नाव सेंचा झाले. २०११ च्या चौथ्या आवृत्तीत कोडमधील क्लासची रचना मुळापासून बदलली, आणि तिसऱ्या आवृत्तीवर लिहिलेल्या शेकडो स्क्रीन पुढे कशा न्याव्यात हा प्रश्न अनेक संघांसमोर उभा राहिला. २०१७ मध्ये सेंचा आयडेरा या कंपनीकडे गेली. एक्स्टचा ग्रिड या सगळ्या काळात उत्तम होता, हे विसरून चालणार नाही. तांत्रिकदृष्ट्या निवड बरोबर होती, आणि तरीही ती पुढे जड गेली.

याच सुमारास काहींनी ब्राउझरला वळसा घालण्याचा मार्ग धरला. मॅक्रोमीडियाने २००४ मध्ये फ्लेक्स आणले, ते पुढे अडोबीकडे गेले, आणि मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सिल्व्हरलाइट आणले. दोन्हींमध्ये कार्यालयीन स्क्रीन सुरेख बनत, पण दोन्हींना ब्राउझरमध्ये प्लगइन, म्हणजे वेगळा बसवावा लागणारा जोडप्रोग्राम, लागे. फ्लेक्सला लागणाऱ्या फ्लॅश या प्लगइनला आयफोनने कधीच प्रवेश दिला नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये अडोबीने फ्लेक्स खुल्या सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाचे फाउंडेशनकडे सोपवण्याचे जाहीर केले आणि दीर्घ पल्ल्याच्या कार्यालयीन ॲप्लिकेशनसाठी एचटीएमएल ५ च योग्य ठरेल, असेही स्वतःच सांगून टाकले. ज्यांनी त्याच वर्षी फ्लेक्सचा प्रकल्प मंजूर करून घेतला होता, त्यांची त्या आठवड्यातील बैठक कशी झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस आणि सिल्व्हरलाइटचा ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला. जावा लिहून त्यातून जावास्क्रिप्ट तयार करण्याचा गुगल वेब टूलकिटचा मार्ग आणि त्यावर उभे राहिलेले फिनलंडचे वादिन हे त्या मानाने अधिक टिकाऊ निघाले. वादिन आजही चालू आहे.

अँग्युलरजेएस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कची सुरुवात मिश्को हेवेरी यांच्या फावल्या वेळातील कामातून २००९ मध्ये झाली. गुगलमधील एका प्रकल्पात सुमारे १७,००० ओळींचा गुगल वेब टूलकिटमधील कोड त्यांनी तीन आठवड्यांत सुमारे १,५०० ओळींवर आणला, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. फील्ड बदलले की डेटा बदलतो आणि डेटा बदलला की फील्ड बदलते, ही द्विदिश बांधणी फॉर्म भरण्याच्या कामाला इतकी चपखल बसत होती की व्यावसायिक संघांनी ती झपाट्याने स्वीकारली. ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅरिस येथील परिषदेत दुसऱ्या आवृत्तीची रूपरेषा मांडताना कंट्रोलर, स्कोप अशा मूळ संकल्पनांची नावे समाधीच्या दगडांवर लिहून पडद्यावर दाखवली गेली. विनोद म्हणून तो ठीक असेल, पण त्याच संकल्पनांवर लाखभर ओळी लिहून बसलेल्यांना तो रुचला नाही. नवे अँग्युलर सप्टेंबर २०१६ मध्ये टाइपस्क्रिप्ट या भाषेसह आले, दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी चालवण्याची सोयही मिळाली, आणि जुन्याचा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी थांबला. मधल्या वर्षांत पुण्या-मुंबईच्या सेवा कंपन्यांना ‘मायग्रेशन’ नावाचे जे काम मिळत राहिले, त्यात या एका घोषणेचाही वाटा होता.

रिॲक्ट मे २०१३ मध्ये फेसबुकने खुले केले. ते फ्रेमवर्क नसून फक्त दृश्य रंगवणारी लायब्ररी आहे, आणि त्यामुळे ग्रिड, फॉर्म, एका पानावरून दुसऱ्यावर जाणे, स्थितीची साठवण यांची जुळवाजुळव प्रत्येक संघाने आपापली करायची असते. निवड एकदाच करायची नसून दहा वेळा करायची, असा त्याचा अर्थ आहे, आणि माझ्या मते व्यवस्थापकांना हे फार उशिरा कळते. परवान्याचा धडाही इथे पुन्हा गिरवला गेला. फेसबुकवर पेटंटचा दावा लावणाऱ्याचे पेटंटविषयक हक्क संपुष्टात आणणारे कलम रिॲक्टच्या परवान्यासोबत होते, म्हणून जुलै २०१७ मध्ये अपाचे फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत अशा परवान्याचे कोड वापरण्यास मनाई केली. फेसबुकने आधी नकार दिला आणि सप्टेंबरमध्ये १६ व्या आवृत्तीबरोबर असे कलम नसलेला साधा एमआयटी परवाना लावला. इवान यू यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्ह्यू या फ्रेमवर्कमागे कोणतीच मोठी कंपनी नाही, ही गोष्ट काहींना धोक्याची तर काहींना नेमकी दिलाशाची वाटली.

परावलंबनाचा एक हास्यास्पद नमुना २५ डिसेंबर २०१८ रोजी दिसला. चिनी कंपनीच्या छत्राखाली वाढलेल्या अँट डिझाइन या रिॲक्ट घटकसंचातील बटणांवर त्या दिवशी आपोआप बर्फ साचले. काही महिन्यांपूर्वी कोडमध्ये ठेवलेली ती नाताळची गंमत होती, आणि कित्येक गंभीर कार्यालयीन प्रणालींमध्ये, मालकांना पूर्वकल्पना नसताना, ती एकाच वेळी उघड झाली. पुढे जाहीर माफी मागावी लागली.

अशा अनुभवांमुळे दोन प्रवाह वाढले. पहिल्यात ग्रिड फ्रेमवर्कपासून वेगळा काढला जातो. एजी ग्रिडसारखे घटक अँग्युलर, रिॲक्ट आणि व्ह्यू या तिन्हींत चालतात, म्हणून भोवतालचे फ्रेमवर्क बदलले तरी वापरणाऱ्याची ओळखीची स्क्रीन राहते. दुसऱ्यात मोठे विक्रेते स्वतःचेच फ्रेमवर्क सांभाळतात. एसएपी या व्यावसायिक सॉफ्टवेअर कंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये ओपनयूआय५ खुले केले, आणि त्यामागे तिच्याच फिओरी या ॲप्लिकेशनसंचाच्या असंख्य स्क्रीन असल्यामुळे ते एकाएकी सोडून देणे खुद्द एसएपीलाच परवडणारे नाही. लाख-कोटींच्या स्वल्पविरामांची मांडणी, उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिपी आणि कळफलकावरून चालणारे काम यांची तयारीही अशा संचांत चांगली असते. लहान लायब्ररींमध्ये आपल्याकडच्या संघांना १२,३४,५६७ अशी साधी रक्कम नीट दाखवण्यासाठी कोड हाताने लिहावा लागल्याची उदाहरणे कमी नाहीत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टच्या चमूने क्रिएट रिॲक्ट ॲप हे नव्या प्रकल्पाचा सांगाडा तयार करणारे साधन नव्या कामासाठी वापरू नये असे जाहीर केले. २०१६ पासून असंख्य कार्यालयीन प्रकल्पांची पहिली आज्ञा त्याच साधनाची होती, आणि त्यांतील बरेच प्रकल्प अजून आपल्या अपेक्षित आयुष्याच्या मध्यावरच आहेत.