न्यू जर्सीतून काँग्रेससाठी मतदान: नोंदणी, कागदपत्रं आणि मत कुठे अडकतं

एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर या भागातल्या मराठी घरांतून दर निवडणुकीनंतर एकच तक्रार कानावर येते. "आम्ही नागरिक झालो, फॉर्म भरला, मत दिलं, तरी ते मोजलं का नाही?" लोकांचे कागद जवळून बघितल्यावर लक्षात येतं की चूक मतदानाच्या दिवशी झालेलीच नसते. ती काही आठवडे आधी, एखाद्या सहीत, नावात किंवा तारखेत झालेली असते.

आधी एक खुलासा, कारण भारतातून आलेल्या आई-बाबांचा इथे हमखास गोंधळ होतो. काँग्रेस म्हणजे इथे पक्ष नव्हे, देशाची संसद. तिच्या प्रतिनिधीगृहात न्यू जर्सीच्या 12 जागा आहेत आणि त्या सगळ्या दर दोन वर्षांनी, सम वर्षी, निवडणुकीला येतात. राज्याचे सिनेटर दोन, मुदत सहा वर्षं. येत्या 3 नोव्हेंबर 2026 ला या 12 जागांबरोबर सिनेटची एक जागाही आहे.

पात्रता थोडक्यात: अमेरिकेचं नागरिकत्व, मतदानाच्या दिवशी वय 18 पूर्ण, आणि निवडणुकीआधी किमान 30 दिवस आपल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागात, राहणं.

यातल्या पहिल्या अटीबद्दल मी कळकळीने सांगते. ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. नागरिकत्वाची मुलाखत पास झाली, "अभिनंदन" म्हणाले, तरी शपथविधी होईपर्यंत तुम्ही नागरिक नसता. आणि धोका जिथे वाटत नाही तिथे असतो: मोटार व्हेइकलच्या खिडकीवर. लायसन्स काढताना किंवा नूतनीकरण करताना मतदार नोंदणीचा प्रश्न पुढे येतो. मागे रांग असते, समोरचा माणूस घाईत असतो, सासूबाईंना इंग्रजी नीट कळत नाही आणि त्या मान डोलावतात. नागरिक नसताना केलेल्या या नोंदणीचा हिशोब पुढे नागरिकत्वाच्या अर्जात द्यावा लागतो, कारण तिथे "कधी मतदार म्हणून नोंदणी केली का, मत दिलं का" असं थेट विचारतात. नागरिक असल्याचा खोटा दावा हा संघीय गुन्हा आहे आणि त्यातून देशाबाहेर काढण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. घरातल्या ज्येष्ठांबरोबर त्या खिडकीपर्यंत कुणीतरी जा, आणि "नाही" स्पष्ट म्हणायला सांगा. ज्याला खिडकीवर बसवलंय त्याने हा प्रश्न सावकाश, समजेल असा विचारायला नको का? पण त्यावर विसंबून राहू नका.

नोंदणी ऑनलाइन होते किंवा कागदी अर्जाने. लायसन्सचा क्रमांक द्यायचा, तो नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. नागरिकत्वाचा दाखला जोडावा लागत नाही. लोक तो शोधत बसतात आणि दिवस घालवतात. भारतातलं मतदार ओळखपत्र इथे उपयोगाचं नाही. क्रमांक दिला नसेल तर पहिल्यांदा मत देताना ओळखपत्र मागू शकतात. फोटो ओळखपत्र, किंवा नाव आणि सध्याचा पत्ता असलेलं विजेचं बिल वा बँकेचं स्टेटमेंट चालतं.

आपल्या लोकांचं घोडं नावात अडतं. पासपोर्टवर नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव मधे, लायसन्सवर तेच पहिल्या नावाला चिकटलेलं, सोशल सिक्युरिटी कार्डावर गायब. कारकून क्रमांक आणि नाव जुळवून पाहतो. जुळलं नाही की पहिल्यांदा मत देताना ओळखपत्र मागू शकतात. शपथविधीच्या वेळी नाव बदललं असेल तर आधी सोशल सिक्युरिटी आणि लायसन्स दुरुस्त करा, मग नोंदणी.

तारखेचा गोंधळही नेहमीचा. 30 दिवस ही राहण्याची अट आहे. नोंदणीची मुदत निवडणुकीआधी 21 दिवस. म्हणजे या वर्षी 13 ऑक्टोबर. मतदानाच्या दिवशी जाऊन नोंदणी करायची सोय न्यू जर्सीत नाही. घर बदलताना काउंटीही बदलली, तर हीच मुदत पुन्हा लागू होते.

आता टपाली मत, कारण बहुतेक मतं इथेच अडतात. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी नोंदणीच्या अर्जावर नेहमीसारखी देवनागरीत सही केली होती, बँकेच्या पासबुकावर चाळीस वर्षं केली तशी, शेवटी खाली रेघ ओढून. मतपत्रिकेच्या लिफाफ्यावर मात्र "इंग्रजीत लिहायला हवं" म्हणून जपून, एकेक अक्षर काढून इंग्रजी सही केली. सह्या जुळेनात. सुदैवाने दुरुस्तीचं पत्र आलं, पण ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात पडलं होतं. असं पत्र आलं की त्यात दिलेल्या मुदतीत फॉर्म भरून परत पाठवा, मत वाचतं. सही कुठल्या भाषेत आहे हे महत्त्वाचं नाही. नोंदणीत जी आहे तीच हवी.

लिफाफे दोन असतात. आतल्या लिफाफ्याला प्रमाणपत्राची पट्टी जोडलेली असते. सही त्या पट्टीवर करायची आणि पट्टी फाडायची नाही. बघायला ती फाडून टाकायच्या पावतीसारखी दिसते, म्हणून लोक फाडतात. असा आराखडा कुणी मंजूर केला याचा मला राग येतो, पण लिफाफा आहे तो असा आहे.

टपाली मतपत्रिकेचा अर्ज काउंटी क्लर्ककडे जातो आणि टपालाने पाठवलात तर निवडणुकीच्या सात दिवस आधी पोचावा लागतो. भरलेली मतपत्रिका मात्र बोर्ड ऑफ इलेक्शन्सकडे. वेगळी कार्यालयं, वेगळे पत्ते. टपालाच्या शिक्क्यावर भरवसा ठेवू नका. मतदानाच्या दिवशी रात्री 8 च्या आत काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये स्वतः टाका. दुसऱ्याची मतपत्रिका पोचवायची मुभा आहे, पण एका माणसाला तीन, आणि एकाच घरातल्या कुटुंबीयांच्या असतील तर पाच.

एकदा टपाली मतपत्रिका मागितली की पुढच्या निवडणुकांनाही ती घरी येत राहते. हे विसरून केंद्रावर गेलात तर यंत्रावर मत देता येत नाही, तात्पुरती कागदी मतपत्रिका देतात. ती घ्या आणि भरा. "मला नाकारलं" समजून रागाने घरी परतलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचं मत खरोखर गेलं.

जूनमधली पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूकही सोडू नका. कुठल्याच पक्षात नोंद नसेल तर केंद्रावर त्याच दिवशी पक्ष सांगता येतो. पक्ष बदलायचा असेल तर 55 दिवस आधी.

इंग्रजी वाचता न येणाऱ्या आईबरोबर मुलगा, सून, शेजारी, कुणीही आत जाऊ शकतं. हा संघीय कायद्याने दिलेला हक्क आहे. मनाई फक्त नोकरीतल्या मालकाला, त्याच्या माणसाला आणि युनियनच्या प्रतिनिधीला. केंद्रावर कुणी अडवलं तर हेच सांगा.

लिफाफ्यांची धास्ती वाटत असेल आणि टपाली मतपत्रिका मागितलेली नसेल, तर लवकर मतदान सगळ्यात सोपं: 24 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबर, आपल्या काउंटीतल्या कुठल्याही लवकर-मतदान केंद्रावर, सकाळी 10 ते रात्री 8, रविवारी संध्याकाळी 6 पर्यंत. त्याआधी राज्याच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर आपलं नाव आणि पत्ता एकदा तपासून घ्या, आणि ते 13 ऑक्टोबरच्या आत करा, म्हणजे काही चुकलं असेल तर दुरुस्तीला दिवस उरतात.