अत्यल्प वजनाच्या अर्भकांचे पोषण

जन्मतः १,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दूध व पोषकद्रव्ये पुरविण्याची नवजात अतिदक्षता विभागातील पद्धत. गर्भात असते तर असे बाळ रोज किलोमागे सुमारे १५ ते २० ग्रॅम वाढले असते. आतडे कच्चे असताना तोच वेग बाहेर राखायचा, ही खरी अडचण. त्यातच कॅल्शियम, फॉस्फरस आणि लोह यांचा बहुतेक साठा गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत होतो. ते महिने या बाळांच्या वाट्याला आलेलेच नसतात.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ गर्भारपणाच्या हिशेबाने साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तोवर नाकातून किंवा तोंडातून जठरात घातलेल्या बारीक नळीने दूध देतात. शिरेवाटे ग्लुकोज, अमिनो आम्ले व स्निग्धांश चालू असतात. दूध वाढेल तसे ते कमी करतात.

आईचा चीक शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होतो, दिवसाला किलोमागे १०-२० मिलि. एवढ्याने पोषण होत नाही. हेतू आतड्याला चालना देण्याचा असतो. नेक्रोटायझिंग एंटरोकोलायटिस, म्हणजे आतड्याला सूज येऊन त्याचा भाग मरण्याचा आजार, होईल या धास्तीने पूर्वी दूध कित्येक दिवस लांबवीत. धास्ती निराधार नव्हती, उपाय मात्र चुकला होता. रिकाम्या आतड्याचे अस्तर झिजते आणि शिरेतली नळी जास्त दिवस राहिली की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ब्रिटन व आयर्लंडमधील सुमारे २,८०० बाळांवरील, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दूध रोज किलोमागे १८ मिलि.ने वाढवले काय किंवा ३० मिलि.ने, या आजाराच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. दर वेळी पोटातले उरलेले दूध ओढून मोजण्याची सवयही आता मागे पडत आहे. फुगलेले पोट, हिरवी उलटी, शौचातले रक्त या खुणा अधिक बोलक्या.

आईचे दूध नसेल तर दुग्धपेढीतले, ६२.५° से. तापमानाला ३० मिनिटे पाश्चरीकरण केलेले दूध देतात. या उष्णतेने त्यातील काही संरक्षक घटक कमी होतात, तरीही आतड्याच्या आजाराबाबत ते पावडरच्या दुधाहून सुरक्षित ठरते. आईच्या दुधातली प्रथिने व खनिजेही या बाळांना पुरत नाहीत, म्हणून त्यात फॉर्टिफायर, म्हणजे ही उणीव भरून काढणारे पूरक, मिसळतात. पूर्ण आहार दिवसाला किलोमागे १५०-१८० मिलि. झाला की शिरेवाटेचे पोषण थांबलेले असते. पुढे कांगारू पद्धतीने छातीशी धरलेले बाळ आधी स्तनाला नुसते चाटते, मग थोडे ओढते. नळी अगदी शेवटी निघते.