आरोग्ययंत्रणा आणि लोकसंस्था यांची भागीदारी

एखाद्या वस्तीचे किंवा समाजगटाचे आरोग्य सुधारावे यासाठी रुग्णालये, दवाखाने व सार्वजनिक आरोग्य विभाग यांनी त्याच लोकांमध्ये रुजलेल्या संस्थांबरोबर दीर्घकाळ मिळून केलेले काम. महिला मंडळे, धर्मसंस्था, कामगार संघटना, रुग्णांचे गट, निवाऱ्यासाठी झटणाऱ्या संस्था हे सारे यात येतात. एक दिवसाचे तपासणी शिबिर किंवा वर्षाकाठी दिलेली देणगी यांना भागीदारी म्हणता येत नाही. कोणता प्रश्न आधी हाती घ्यायचा, पैसा कशावर खर्चायचा आणि काम साधले की नाही हे कशावरून ठरवायचे, या तिन्ही बाबतींत दोन्ही बाजूंचा शब्द चालला पाहिजे.

या विचाराची मुळे दक्षिण आफ्रिकेतील फोलेला येथे सापडतात. सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० मध्ये तेथे आरोग्य केंद्र सुरू केले. रुग्णतपासणीइतकेच महत्त्व घरोघरच्या पाहणीला, भाजीपाल्याच्या मळ्यांना आणि स्थानिक आरोग्यसेवकांना होते. विद्यार्थिदशेत तेथे राहून शिकलेल्या जॅक गायगर यांनी पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील माउंड बायू येथे असेच केंद्र उभे केले. समाजसंघटक जॉन हॅच यांनी गावोगावी लोकांच्या आरोग्य समित्या बांधल्या आणि लोकांनी सांगितलेली पहिली गरज निघाली अन्नाची. मग डॉक्टर कुपोषित मुलांच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहू लागले. किराणा दुकानदार ते देत आणि बिल केंद्राच्या औषधखर्चातून चुकते होई. पैसा पुरवणाऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा गायगर यांनी उत्तर दिले, की वैद्यकाच्या पुस्तकात कुपोषणावर उपचार म्हणून अन्नच सांगितले आहे. चिठ्ठीवर गोष्ट थांबली नाही, कारण लोकांनी स्वतःची सहकारी शेतीही सुरू केली. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. तोही याच परंपरेतील मोठा प्रयोग. प्राथमिक आरोग्यसेवेवरील आंतरराष्ट्रीय परिषदेने काढलेल्या १९७८ च्या अल्मा-आता जाहीरनाम्याने आपल्या आरोग्यसेवेच्या आखणीत व अंमलबजावणीत सहभागी होणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य ठरवले.

भागीदारीचे बळ विश्वासात असते आणि हा विश्वास बहुधा लोकसंस्थेच्या गाठीशी असतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला लॉस अँजेलिसमधील प्रयोग यासाठी मुद्दाम पाहण्याजोगा आहे. उच्च रक्तदाब असलेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष आणि त्यांची नेहमीची ५२ सलूने त्यात होती. काही सलूनांत केस कापणाऱ्यांनी गिऱ्हाइकांना राहणीमान सुधारण्याचा व डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला दिला. उरलेल्यांत फार्मासिस्ट स्वतः सलूनमध्ये येऊन, डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार, तिथेच औषधे ठरवून देत. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब पहिल्या गटात सरासरी ९.३ मिमी, तर दुसऱ्या गटात २७ मिमी उतरला. ओळखीची जागा दोन्हीकडे होती. फरक पडला तो यंत्रणा आपले उपचार घेऊन त्या जागेपर्यंत चालत आली म्हणून.

विश्वास नसला की काय होते, ते पश्चिम आफ्रिकेतील २०१४–१६ च्या इबोला साथीत दिसले. मृतदेहाला स्पर्श झाल्याने संसर्ग पसरत होता, पण आप्तांना दूर सारून उरकलेले दफन कुटुंबांना सहन होईना. लोक आजारी माणसे आणि मृत्यू लपवू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरक्षित व सन्मानपूर्वक दफनाची पद्धत जाहीर केली. तिच्यात प्रार्थनेला आणि कुटुंबाच्या संमतीला जागा होती आणि ती आखताना धार्मिक संघटनांना बरोबर घेतले होते.

प्रत्येक भागीदारी यशस्वी होतेच असे नाही. न्यू जर्सीतील कॅम्डेन शहरात पुनःपुन्हा रुग्णालयात भरती होणाऱ्यांना घरी गेल्यावर परिचारिका, समाजसेवक व आरोग्यसेवक यांच्या पथकाची साथ देण्यात आली. या कार्यक्रमाचा पुष्कळ गौरव झाला होता. मात्र ८०० रुग्णांच्या काटेकोर चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा १८० दिवसांत पुन्हा भरती होण्याचे प्रमाण मदत मिळालेल्या गटात ६२.३ टक्के आणि न मिळालेल्या गटात ६१.७ टक्के निघाले. अतिशय आजारी काळात निवडलेल्या माणसांच्या खेपा पुढे आपोआपही कमी होतात. तुलनेचा गट नसता तर ती घट कार्यक्रमाच्या नावावर जमा झाली असती. शिवाय घर, व्यसनमुक्ती, मानसोपचार या सेवाच अपुऱ्या असतील, तर रुग्णाला त्यांच्याकडे पाठवणारा कितीही तळमळीचा असला तरी त्याचे हात बांधलेलेच राहतात.

रोजच्या कामातील अडचणी बहुतेक पैशाच्या असतात. निवारा संस्थेने माणसाला डोक्यावर छप्पर मिळवून दिले, तर वाचतो तो रुग्णालयाचा किंवा विमा कंपनीचा खर्च. संस्थेच्या हाती त्यातले काही येत नाही. करार वर्षा-दोन वर्षांचे असतात आणि विश्वास जमायला त्याहून जास्त काळ लागतो. रुग्णांची माहिती कोणी कोणाला द्यायची, हा प्रश्नही नाजूक आहे. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांमध्ये काम करणारी संस्था नावांची यादी देताना कचरते आणि ते रास्तच आहे.

खरा वाद सत्तेचा आहे. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्न्स्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात माहिती देणे तिसऱ्या, मत विचारणे चौथ्या आणि भागीदारी सहाव्या पायरीवर आहे. भागीदारी म्हणून मिरवली जाणारी बरीच कामे चौथ्या पायरीपलीकडे जात नाहीत. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने करसवलत घेणाऱ्या ना-नफा रुग्णालयांना दर तीन वर्षांनी परिसराच्या आरोग्यगरजांची पाहणी करणे आणि त्यात समाजाचे म्हणणे विचारात घेणे बंधनकारक केले. निर्णय मात्र रुग्णालयाकडेच राहिला. ब्राझील याहून पुढे गेला. तेथे १९९० च्या कायद्याने राष्ट्र, राज्य व नगर अशा तिन्ही पातळ्यांवर आरोग्य परिषदा ठेवल्या आणि त्यांतील निम्म्या जागा सेवा घेणाऱ्या लोकांच्या प्रतिनिधींना दिल्या. धोरण ठरवण्याबरोबर खर्चावर देखरेख ठेवण्याचा अधिकारही या परिषदांकडे आहे.