भातानं प्यायलेलं पाणी, नदीला परत गेलेलं पाणी

ठाणे जिल्ह्यात पाणीकपात लागली की उन्हाळी भातावर राग निघतो. 'किलोभर भाताला अडीच हजार लिटर पाणी!' हा आकडा सगळ्यांना पाठ. त्यातलं खरोखर संपलं किती, हे कुणी विचारत नाही.

उल्हास नदीचंच घ्या. भिवपुरीच्या टाटांच्या वीजगृहातून सुटणारं पाणी मुळात घाटावरचं, भीमेच्या खोऱ्यातलं. त्यातलं काही राजनाला कालव्यानं कर्जत तालुक्यातल्या भाताला मिळतं, बाकीचं नदीनं बदलापूर-कल्याणकडे येतं.

आता हिशेब. हेक्टरभर शेतात 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 10 हजार लिटर. उन्हाळ्यात भाताच्या पानांतून आणि साचलेल्या पाण्यावरून मिळून दिवसाला साधारण 5 ते 6 मिमी वाफ होते. 100 दिवसांची 550 मिमी धरू. खाचरात सोडलं समजा 1000 मिमी, म्हणजे 1 कोटी लिटर. भात 4 टन झाला तर किलोला अडीच हजार लिटर हे गणित बरोबर आहे. पण वाफ होऊन गेलं ते 1375 लिटरच. उरलेलं मुरलं किंवा बांधातून, खेकड्यांच्या बिळांतून झिरपलं. ते ओढ्याला लागून बरंचसं उल्हासमध्येच उतरतं, थोडं उशिरा आणि युरियाचं नायट्रेट सोबत घेऊन. पुढे बदलापूरला पंप उचलतात त्यात तेही असतं.

म्हणून कर्जतला मुरणं कमी केलं, तर कालव्यात पाणी राहतं, पण बदलापूरच्या वाट्याला तेवढंच जास्त येईल असं नाही. उलट त्या 'वाचलेल्या' पाण्यावर आणखी दोन एकर लावले, तर वाफ वाढते आणि नदी आटते. ठिबकचंही तसंच: शेताची कार्यक्षमता वाढते, खोऱ्याचं पाणी घटू शकतं. खाडीलगतची गोष्ट वेगळी. कल्याणच्या खाली भरतीचं खारं पाणी येतं. तिथे मुरलेलं गोडं पाणी कुणाच्याच हाती लागत नाही, त्यामुळे तिथली बचत ही खरी बचत. भातसा नदीवरच्या पिसे बंधाऱ्यातून मुंबईसाठी पाणी उचलतात; त्याच्या खाली नदीत उतरणारं पाणीही तिथल्या उपशाला चुकतंच.

पाणी चुंबकातून फिरवलं की पिकाला कमी लागतं, असं सांगून यंत्रं विकणारेही आहेत. पानाला कार्बन डायऑक्साइड हवा तर रंध्रं उघडावी लागतात, आणि उघडली की वाफ जाणारच. त्यात चुंबक काय करणार?

मुरणं कमी करायचा स्वस्त उपाय म्हणजे पाणी आलटून-पालटून देणं, म्हणजे खाचर भरायचं, पाणी ओसरू द्यायचं आणि मग पुन्हा भरायचं. चिखलणीनं खाली जो घट्ट थर बसतो, त्यातून पाणी किती वेगानं झिरपेल हे वर किती उंच पाणी उभं आहे त्यावर ठरतं. उंची घटली की झिरपणं मंदावतं. पाणी किती खाली गेलं हे पाहायला 30 सेमी लांब, 10 ते 15 सेमी व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्या. खालच्या 15 सेमीला चहूबाजूंनी भोकं पाडून तेवढाच भाग चिखलात गाडा आणि आतली माती तळ दिसेपर्यंत काढा. लावणीनंतर दोनेक आठवड्यांनी सुरुवात करायची. तण माजलं असेल तर आणखी थांबायचं, कारण उभं पाणी तण दाबून ठेवतं. पाइपात पाणी जमिनीच्या 15 सेमी खाली गेलं की पुन्हा 5 सेमी भरायचं.

चुका ठरलेल्या असतात. पाणी दिल्यावर पाइपाच्या आत-बाहेर पातळी सारखी होत नसेल, तर भोकं मातीनं बुजलीत. उपसून पुन्हा बसवा. पाइप बांधाच्या कडेला लावला तर बाजूच्या झिरपण्यामुळे पातळी खोटी दिसते. चिकणमाती 15 सेमीच्या पुढे वाळू दिली तर भेगा पडतात आणि पुढचं पाणी घट्ट थराला बगल देऊन सरळ खाली जातं. म्हणजे आधीपेक्षा जास्त नुकसान. फुलोऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा एकेक आठवडा मात्र 5 सेमी पाणी उभंच हवं, नाहीतर पळींज, म्हणजे पोचट दाणे, वाढतं.

वाफ कमी करायला हा पाइप फारसा उपयोगी नाही. त्यासाठी कमी दिवसांचं वाण घ्यावं लागतं, किंवा पीक एप्रिल-मेच्या कडक उन्हाआधी जितकं अलीकडे आणता येईल तितकं आणावं लागतं. लावणी फार आधी घ्यायची तर रोपवाटिका थंडीत सापडते, रोपं पिवळी पडून खुरटतात. रात्री रोपांच्या वाफ्यात पाणी ठेवलं आणि सकाळी काढून टाकलं तर हे थोडं सावरतं.