दुःख आणि देवाचे मौन (नाशिक परिसर)

देव दयाळू आणि सर्वशक्तिमान असेल, तर निरपराध माणसाच्या वाट्याला दुःख का येते आणि कळवळून केलेली प्रार्थना का फळत नाही, हा धर्मविचारातील फार जुना प्रश्न आहे. जगातील विषमता पाहता ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का, असा आक्षेप वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात येतो. ईश्वर जिवांच्या कर्मानुसारच फळ देतो, असे त्यावर उत्तर दिले आहे. बायबलच्या जुन्या करारात मुलेबाळे आणि मालमत्ता गमावलेल्या ईयोबाला त्याचे मित्र जवळपास हेच ऐकवतात, की तुझे काहीतरी चुकलेच असणार. शेवटी देव दोष देतो तो त्या मित्रांना.

नाशिकमध्ये हा प्रश्न रोजच्या जगण्यातला आहे. सप्तशृंगीला नवस बोलला जातो. घरात मूल होत नसेल, अडचणी सरत नसतील, तर पितृदोष मानून त्र्यंबकेश्वरी तीन दिवसांचा नारायण नागबली हा विधी करतात. तरीही गुण आला नाही, की ‘भोग आहेत, भोगूनच संपायचे’ म्हणून मनाची समजूत घातली जाते. दुःखी माणूस हे स्वतःशी म्हणतो तेव्हा त्यात धीर असतो. मूल गेलेल्या घरी ते दुसऱ्याने बोलणे मात्र क्रूर आहे.

त्र्यंबकेश्वर हे निवृत्तिनाथांचे समाधिस्थान. संन्यास सोडून संसार केल्याबद्दल वडील विठ्ठलपंत वाळीत पडले, मुलांना समाजाने स्वीकारावे म्हणून आई-वडिलांनी देहांत प्रायश्चित्त घेतले, तरीही मुलांची उपेक्षा थांबली नाही, असे परंपरा सांगते. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने वाट चुकलेल्या निवृत्तीला नाथपंथी गुरू गहिनीनाथांची कृपा लाभली, अशीही कथा आहे. या कृपेने आई-वडिलांच्या मरणाची भरपाई झाली असे म्हणवत नाही. पण निवृत्तिनाथांचे शिष्य आणि धाकटे बंधू ज्ञानेश्वर पसायदानात छळणाऱ्यांचा नाश मागत नाहीत. त्यांच्यातील दुष्टपणा जावो, एवढेच मागतात. ज्यांनी इतके सोसले त्या घरातून हे मागणे यावे, याचे मोल फार मोठे आहे.

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या मंदिरात फेब्रुवारीत यात्रा भरते. तिथे ख्रिस्ती नसलेले लोकही मागणे घेऊन येतात. ख्रिस्ती श्रद्धेत तर खुद्द येशूचीच विनवणी मान्य झालेली नाही. दुःखाचा हा प्याला टळावा, अशी त्याने अटकेआधीच्या रात्री प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी तो क्रुसावर गेला. देव दुःख दूर करत नसला तरी त्यात सोबत असतो, ही ख्रिस्ती भूमिका इथून येते.

काही दुःखांचा जाब मात्र देवाकडे मागण्याआधी माणसांकडे मागायला हवा. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या शाहीस्नानाच्या वेळी चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले. अशा वेळी ‘तीर्थात मरण आले, पुण्यच’ असे म्हणून मोकळे होता येत नाही. गर्दीची व्यवस्था पाहणे हे माणसांचेच काम होते. काळाराम मंदिराच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी तिथे अस्पृश्य मानलेल्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि सहकाऱ्यांनी तो काही वर्षे चालवला. तरीही दार उघडले नाही, आणि ते बंद ठेवणारे हात माणसांचे होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात आंबेडकरांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. १९५६ साली नागपुरात त्यांनी जो बौद्ध धम्म स्वीकारला, त्यात दुःखाचे कारण आणि त्यातून सुटण्याचा मार्ग सांगितला आहे, पण तो सांगताना ईश्वराचा आधार घेतलेला नाही. त्या धम्माचे भिक्षू सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्याच त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांमध्ये राहत होते.